धक्का किती खोलवरून आला?

१. पावणेपाचचा कळत नाही, तीनचा झोप उडवतो

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे जमीन हलली, की पहिला प्रश्न ठरलेला: "किती रिश्टरचा होता?" दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. तीनचा, सव्वातीनचा, फार तर साडेतीनचा. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "हे बघा, जपानजवळ पावणेपाचचा झालाय आणि एक कप फुटलेला नाही. आपल्याकडे तीनचा झाला तर मांडणीवरची भांडी खाली आली. मोजणाऱ्यांचं काहीतरी चुकतंय."

मोजणाऱ्यांचं चुकत नाही. प्रश्न अर्धवट विचारला जातो, एवढंच. भूकंप किती मोठा, हा निम्मा प्रश्न झाला. उरलेला निम्मा म्हणजे तो किती खोल झाला. बातमीत हा दुसरा आकडाही छापलेला असतो, पण तो कुणी वाचत नाही. हे प्रकरण त्या आकड्याबद्दल आहे.

तो कळण्यासाठी आधी शहापूरपासून लांब जाऊ, जिथे भूकंप सहाशे किलोमीटर खोलवर होतात अशा जागी. मग शहापूरच्या भातसा धरणाकाठी परत येऊ.

२. ढोल आणि कान

आधी एक गोंधळ निस्तरून घेऊ. भूकंपाचे आकडे दोन प्रकारचे असतात. जमिनीच्या पोटात खडक सरकला तेव्हा एकूण ऊर्जा किती सुटली, ते सांगणारा आकडा म्हणजे महत्ता. ती एका भूकंपाला एकच असते. तुमच्या घरात हादरा किती बसला, ते सांगणारी तीव्रता. ती गावागणिक बदलते. आपली वर्तमानपत्रं दोन्हीला तीव्रताच म्हणतात आणि वर 'रिश्टर' हा शब्द चिकटवतात. चार्ल्स रिश्टर यांनी आपलं माप १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी बनवलं होतं. शास्त्रज्ञ आता मोठ्या भूकंपांना वेगळं माप लावतात, पण रिश्टर हे नाव जिभेवरून जायला तयार नाही.

म्हशाच्या जत्रेत ढोल वाजतोय असं समजा. ढोलावर टिपरू किती जोरात पडलं, ती महत्ता. तुमच्या कानात किती घुमलं, ती तीव्रता. ढोलाला खेटून उभे असाल तर छाती हादरते. तोच ढोल सिद्धगडाच्या पायथ्याशी बसून ऐकायला गेलात, तर वारा अनुकूल असला तरी ऐकू येईल की नाही शंका.

आता हिशेब करू. महत्तेचा आकडा एकाने वाढला की लाटेची उंची दहा पटींनी वाढते. दीडने वाढला तर सुमारे ३२ पट. म्हणजे साडेचारचा भूकंप हा तीनच्या भूकंपापेक्षा ३२ पट मोठा ढोल झाला. पण समजा, तीनचा धक्का तुमच्या घराखाली ४ किलोमीटरवर बसला आणि साडेचारचा दुसऱ्या कुणाच्या घराखाली १५० किलोमीटरवर. दुसरा ढोल ३७ पट लांब आहे. लाट पसरत जाते तशी अंतराच्या प्रमाणात क्षीण होते, असं ढोबळ मानाने धरलं, तर ३२ पटींची सगळी मिजास अंतरातच जिरली. वाटेत खडक जी लाट शोषून घेतो, तो तोटा वेगळाच.

शिवाय खोलवरच्या धक्क्याच्या बाबतीत त्याच्या डोक्यावर राहणारा माणूससुद्धा १५० किलोमीटर लांबच असतो. जवळ जाण्याची सोयच नाही.

चार ते पाच या महत्तेच्या भूकंपांना शास्त्रज्ञ 'हलके' म्हणतात. जगात ते वर्षाला दहा हजारांहून अधिक होतात. त्यांतले खोलवर झालेले यंत्रांच्या नोंदीत जातात आणि तिथेच राहतात.

३. ओली घोंगडी

पण भूकंप इतक्या खोलवर होतो तरी कसा?

पृथ्वीचं वरचं कवच एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे नखं वाढतात साधारण त्या गतीने, ते सरकत असतात. काही ठिकाणी समुद्रतळाचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो आणि पृथ्वीच्या पोटात बुडत जातो. अशा जागेला सबडक्शन झोन म्हणतात.

तो का बुडतो, हे समजायला नदीवर घोंगडी धुणाऱ्या माणसाकडे बघावं. घोंगडी खडकावर पसरलेली असते आणि तिचं एक टोक पाण्यात गेलेलं असतं. ते टोक भिजतं, जड होतं आणि वरच्या कोरड्या घोंगडीला खाली ओढू लागतं. हात काढला की सगळी घोंगडी डोहात. समुद्रतळाचा जुना, थंड झालेला भूपट्ट खालच्या तप्त खडकापेक्षा जड असतो. त्याचं एक टोक खाली गेलं की ते मागच्याला ओढत राहतं.

इथे एक अडचण आहे. खोल गेलं की उष्णता वाढते, आणि तापलेला खडक तुटत नाही, वाकतो. चिक्की गार असताना कटकन मोडते. तीच पाकाच्या अवस्थेत कितीही ओढा, लांबत जाईल, आवाज करणार नाही. भूकंप म्हणजे कटकन मोडणं. मग सहाशे किलोमीटर खाली, जिथे सगळंच पाकासारखं असायला हवं, तिथे मोडतं काय?

मोडतो तो बुडणारा भूपट्टच. तो जाड असतो, शंभरेक किलोमीटर, आणि दगड उष्णता फार सावकाश आत घेतो. समजा तो वर्षाला ६ सेंटीमीटर खाली जातोय. ६०० किलोमीटर म्हणजे ६ कोटी सेंटीमीटर. त्यांना सहाने भागलं की १ कोटी वर्षं. एवढ्या काळातही त्याचा गाभा भोवतालच्या खडकापेक्षा थंडच राहतो. भोवती पाक, मधे चिक्कीची एक वडी. भूकंप त्या वडीत होतात.

नुसतं थंड असणंही पुरत नाही, कारण तिथला दाब इतका असतो की खडकाची भेग सरकूच नये. शंभर-दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात मदतीला येतं पाणी. समुद्रतळाचा खडक आपल्या खनिजांत पाणी बांधून खाली नेतो. उष्णतेने ते सुटतं, भेगांमध्ये शिरतं आणि दाबून धरलेला खडक निसटतो. आणखी खाली खनिजांची रचनाच एकदम बदलून जास्त घट्ट होते आणि त्या बदलात खडक सरकतो, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. त्यांच्यातला वाद मिटलेला नाही. पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. शहापूरला परत गेल्यावर ती लागणार आहे.

हे खोल भूकंप ठसठशीत पुराव्यानिशी दाखवले जपानच्या कियू वादाती यांनी, १९२८ च्या सुमारास. जपानच्या बेटांखाली पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं की भूकंपांची खोली वाढत जाते, जणू जमिनीखाली एक उतार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा भूपट्टांची कल्पनाही रुळलेली नव्हती. तो उतार म्हणजे बुडणाऱ्या भूपट्टाची पाठ, हे कळायला आणखी चाळीसेक वर्षं जावी लागली. ७०० किलोमीटरच्या खाली मात्र भूकंप जवळजवळ होतच नाहीत.

३० मे २०१५ ला ओगासावारा बेटांजवळ ७.९ महत्तेचा भूकंप झाला, सुमारे ६८० किलोमीटर खोल. जपानच्या सत्तेचाळीसही प्रांतांत तो जाणवला. इतक्या सर्वदूर जाणवलेल्या या भूकंपाने एकही बळी घेतला नाही. खोल भूकंपाचा स्वभाव हा असा: लांबवर पोहोचतो, पण कुठेच नीट चावत नाही.

असा पट्टा बघायला जपानच गाठायला हवं असं नाही. सेल्युलर जेल बघायला अंदमानला जाणारे मराठी पर्यटक अशाच पट्ट्यावर उतरतात. तिथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली शिरतो. शे-दीडशे किलोमीटर खोलीचे हलके भूकंप तिथे नेहमीचे आहेत, आणि बॅरन बेटावरचा ज्वालामुखी हे त्याच बुडण्याचं वरचं चिन्ह.

४. इथे काहीच बुडत नाही

आता सह्याद्रीकडे. आजोबाच्या डोंगरावरून किंवा माहुलीच्या माथ्यावरून खाली बघा. काळ्या दगडाचे थरावर थर दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, गोठला, पुन्हा वाहिला. त्याचा हा बेसॉल्ट. घाटमाथ्याच्या बाजूला हे थर बरेचसे आडवे आहेत, मुंबईच्या दिशेने मात्र ते पश्चिमेला झुकलेले. म्हणजे इथला प्रदेश कधीकाळी वाकला आहे, मोडला आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं त्याच मोडलेपणाची साक्ष देतात: पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

पण ठाणे जिल्ह्याखाली कुठलाही भूपट्ट बुडत नाही. आपण भारतीय भूपट्टाच्या पोटात आहोत, कडेला नाही. चिक्कीची थंड वडी इथे फक्त वरच्या काही किलोमीटरांत आहे. त्याखाली खडक हळूहळू पाकाकडे झुकतो. म्हणून इथला भूकंप उथळच असणार. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकून तिबेटाला ढुशी देतो. तो ताण सगळ्या भूपट्टात साठतो आणि जुन्या, दुखऱ्या भेगांपाशी निघतो.

पावसाळ्यात फुगलेलं दार आठवा. ढकलता, ढकलता, हलत नाही. मग एकदम धाडकन उघडतं आणि भिंत हादरते. भेगेचं तसंच होतं.

उथळपणा काय करतो, ते दोन तारखांवरून बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. महत्ता ६.२ च्या आसपास, खोली दहाएक किलोमीटर. माणसं गेली आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. २६ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानच्या हिंदुकुश पर्वताखाली ७.५ चा भूकंप झाला. ऊर्जेच्या हिशेबाने तो किल्लारीच्या ऐंशी-नव्वद पट होता, कारण महत्ता एकाने वाढली की ऊर्जा ३२ पटींनी वाढते. पण खोली होती दोनशे किलोमीटरांहून जास्त. दिल्लीतल्या इमारतीही झुलल्या. बळी चारशेच्या आसपास. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद होतं, हे खरं. त्याचा वाटा मोठा. तरीही खोली बाजूला ठेवून हे दोन आकडे समजावून देता येत नाहीत.

५. भातसा, १९८३

शहापूर तालुका म्हणजे मुंबईची पाण्याची घागर. तानसा १८९२ पासून, मग मोडकसागर, मग भातसा, अलीकडे मध्य वैतरणा. यांतलं भातसा धरण ८८ मीटरांहून उंच. १९८३ च्या पावसाळ्यात त्यात पाणी चढलं आणि खर्डी-भातसानगरच्या बाजूला जमिनीतून धक्के येऊ लागले. त्यांतला सर्वांत मोठा १५ सप्टेंबर १९८३ चा, महत्ता ४.८ च्या आसपास. म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत 'हलका'. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, आणि जगभरच्या धरणाकाठच्या भूकंपांच्या यादीत कोयनेच्या जोडीला भातसाचं नाव लागलं.

तेव्हापासून लोकांचा निकाल तयार आहे: पाण्याच्या वजनाने जमीन दबते म्हणून हलते. हे तपासून बघू.

८८ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ९ किलो. ५ किलोमीटर खोलीवर मुळात असलेला खडकाचा दाब किती? बेसॉल्टसारखा दगड पाण्याच्या पावणेतीन-तीन पट जड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १४०० किलो. चौदाशे किलोंचं ओझं वाहणाऱ्या बैलगाडीत नऊ किलोंचं गाठोडं टाकलं म्हणून आस मोडला, असं कुणी म्हणालं, तर आपण म्हणू की आस आधीच तडकला होता.

आणि तसंच आहे. शिवाय वजनापेक्षा जास्त काम पाण्याचा शिरकाव करतो. धरणाचं पाणी भेगांमधून मुरत खाली जातं. दोन बाजूंनी आवळून धरलेल्या भेगेत पाण्याचा दाब वाढला, की तिची पकड तेवढी सैल होते. दीडशे किलोमीटर खाली खनिजांतून सुटलेलं पाणी जे करतं, तेच इथे धरणातलं पाणी पाच किलोमीटरवर करतं. रस्ता वेगळा, खोड तीच.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो ते कावळा निर्दोष आहे हे सांगायला. भातसाच्या बाबतीत तो पुरता निर्दोष नाही. फांदी किडलेली होती हे खरं, पण कावळा बसला नसता तर ती आणखी बरीच वर्षं टिकली असती. उलट बाजूही सांगायला हवी: जगात हजारो मोठी धरणं आहेत आणि भूकंपाला निमित्त झालेली ठळक ठिकाणं शंभराच्या आसपास. जिथे फांदी किडलेली नाही, तिथे कावळे खुशाल बसतात. कोयनेची फांदी मोठी निघाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला, खोली दहा किलोमीटरांच्या आतबाहेर, आणि दीडशेहून जास्त माणसं गेली.

धरणाशिवायही उथळ धक्के होतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे लहान धक्क्यांची रांगच लागली. महत्ता बहुतेकांची तीनच्या आतली, पण खोली इतकी कमी की लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या. साडेतीनचा 'किरकोळ' धक्का घराखाली पाच किलोमीटरवर बसला, तर तो त्या घरापुरता किरकोळ नसतो.

धक्क्याबरोबर ऐकू येणाऱ्या आवाजाचंही कारण हा उथळपणाच. लोक सांगतात, आधी सुरुंग लागल्यासारखा आवाज झाला, मग हललं. उथळ धक्क्याच्या लाटा बारीक, वेगवान थरथरीच्या असतात, आणि बेसॉल्टसारखा टणक दगड ती थरथर फारशी न शोषता वर आणतो. जमिनीचा पृष्ठभाग मग ढोलाच्या चामड्यासारखा हवा हलवतो. तीच थरथर दीडशे किलोमीटरांवरून निघाली असती, तर वाटेतच विरली असती; उरली असती फक्त सावकाश झुलवणारी लाट.

६. दहा किलोमीटरचं गुपित

आता बातमीतला तो न वाचलेला आकडा. इथल्या धक्क्यांची खोली बहुतेक वेळा '५ किलोमीटर' किंवा '१० किलोमीटर' छापून येते. सगळे भूकंप असे ठरावीक खोलीवर कसे होतात?

होत नाहीत. समजा, भूकंपमापक १०० किलोमीटर लांब आहे. भूकंप ५ किलोमीटर खोल असेल, तर लाटेची वाट १००.१ किलोमीटर, १५ किलोमीटर खोल असेल, तर १०१.१. फरक एका किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. तेवढ्यात खोली ओळखणं म्हणजे कसाऱ्यातून मुरबाडच्या माणसाची उंची मोजणं. तोच मापक ६ किलोमीटरवर असता, तर वाटा ७.८ आणि १६.२ किलोमीटर. दुपटीहून जास्त फरक, चूक व्हायला जागा नाही. जवळ यंत्र नसलं की शास्त्रज्ञ खोलीच्या जागी ५ किंवा १० हा सोयीचा आकडा धरून बाकीचा हिशेब पुरा करतात. तो लपवाछपवीचा भाग नव्हे. 'उथळ आहे, नेमकं सांगता येत नाही' असा त्याचा अर्थ लावायचा. म्हणूनच धरणांजवळ भूकंपमापक बसवलेले असतात. खोली खरी मिळवायची तर यंत्र उशाशी हवं.

गंमत अशी, की सहाशे किलोमीटर खोल भूकंपाची खोली अर्ध्या जगावरूनही चांगली कळते. त्याची एक लाट थेट आपल्याकडे येते. दुसरी आधी सरळ वर जाते, जमिनीच्या पृष्ठभागावर आपटते आणि मग आपल्याकडे निघते. विहिरीत आवाज दिला की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल ते कळतं, तसंच. लाट दोन मिनिटं मागे पडली, तर विहीर फार खोल. इथल्या चार-पाच किलोमीटरच्या भूकंपात दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून जातात.

७. घरातला हिशेब

२००२ च्या भूकंप-नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या. आदिवासी पाड्यांवरची कारवीच्या कुडाची घरं अशा धक्क्यात वाकतात, पडली तरी माणूस त्याखालून उठतो. मला काळजी वाटते ती त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या घरांची: चार इंची विटांच्या भिंती, ना कॉलम ना बांधून घेणारा पट्टा, आणि डोक्यावर स्लॅब. उथळ धक्क्याला हवं असतं ते नेमकं हेच. घर बांधायला काढलं असेल, तर खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना एकसलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालायला गवंड्याला सांगा. फरशीच्या रंगाआधी ते सांगा.

एक प्रयोगही सांगून ठेवतो. भूकंपात आधी एक वेगवान लाट येते, धप्प असा ठोका देणारी. तिच्या मागून सावकाश लाट येते, आडवं हलवणारी. दोघींमध्ये जितके सेकंद जातील, त्यांना आठाने गुणा. भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळ मानाने कळेल. अंदमानात दीडशे किलोमीटर खोलीचा धक्का बसला, तर ठोक्यानंतर अठरा-एकोणीसपर्यंत सावकाश मोजता येतं. खर्डीत पाच किलोमीटरचा बसला, तर 'एक' हा शब्दसुद्धा पुरा होत नाही.